क्षमा मागूनही मन हलके का होत नाही?

तुम्ही लिहिले आहे की वडील वारल्यानंतर गावाकडच्या उसाच्या जमिनीचे हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा दस्त, करताना धाकट्या बहिणीला तुम्ही खरे सांगितले नाही. वारसनोंद लवकर व्हावी म्हणून एक कागद करायचा आहे, एवढेच सांगून तिला निबंधक कार्यालयात नेले आणि सही घेतली. त्याला आता बरीच वर्षे झाली. तेव्हापासून दर प्रभुभोजनापूर्वी, म्हणजे उपासनेतल्या भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीपूर्वी, तुम्ही या पापाची क्षमा मागता, डोळ्यांत पाणी येते, रविवारी हलके वाटते आणि आठवडा सरायच्या आत तेच ओझे परत येते; कारखान्याचे बिल खात्यावर जमा झाले की झोप लागत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातले पहिल्या अध्यायाचे नववे वचन तुम्हाला पाठ आहे, तुमच्या पाळकांनीही ‘क्षमा झाली आहे, विश्वास ठेवा’ असे सांगितले आहे, आणि तरीही तुम्ही विचारता, ‘माझा विश्वास कमी पडतो, की देवाने मला क्षमा केलेलीच नाही?’

कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांतल्या मंडळ्यांत पाळक म्हणून काम करताना हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, आणि त्यात बहुधा दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. देवाने क्षमा केली आहे का, हा पहिला. ती मला जाणवत का नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर शास्त्रातून मिळते आणि ते माणसागणिक बदलत नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असते: माणसाचा स्वभाव, लहानपणी घरात चुकीला कशी वागणूक मिळाली, सध्याची प्रकृती आणि झोप, कोणत्या वळणाच्या मंडळीत तो वाढला, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्या गोष्टीची क्षमा मागितली जात आहे ती खरोखर संपलेली आहे की अजून चालू आहे. समोर बसून बोलल्याशिवाय या सगळ्याचा उलगडा होत नाही, हे मला मान्य आहे. तरी तुम्ही कारखान्याच्या बिलाचा उल्लेख केलात, त्यावरून मला पुष्कळ समजले. त्याकडे मी येतोच.

आधी पहिला प्रश्न. योहानाच्या ज्या वचनाचा तुम्ही आधार घेता, ते क्षमेचे कारण आपल्या अंतःकरणात शोधत नाही. देव विश्वसनीय आणि न्यायी आहे म्हणून तो क्षमा करतो, असे ते सांगते, आणि त्याच पत्रात पुढे ख्रिस्त आपला कैवारी व आपल्या पापांबद्दलचे प्रायश्चित्त आहे, असे म्हटले आहे. म्हणजे क्षमेचा पाया वधस्तंभावर घातला गेलेला आहे; माझ्या रडण्याच्या खोलीवर किंवा विश्वासाच्या जोरावर तो उभा नाही. लूकच्या अठराव्या अध्यायातला जकातदार आठवा. दूर उभा राहून, वर पाहण्याचेही धाडस न करता, ऊर बडवीत तो एका वाक्याची प्रार्थना करतो, आणि तो नीतिमान ठरून घरी गेला, असे प्रभू येशू सांगतो. घरी जाताना वाटेत त्याला कसे वाटत होते, याबद्दल मात्र एक शब्दही नाही. त्या संध्याकाळी तो कदाचित तितकाच खिन्न असेल, पण त्यामुळे देवाचा निकाल बदलला नाही.

निकाल आणि जाणीव यांत असे अंतर पडू शकते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. सोसायटीचे कर्ज फेडले, पावती हातात आली, त्या दिवशी कर्ज संपले; तरी सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा दिसत राहतो, कारण तो कमी करण्याचा फेरफार अजून व्हायचा असतो. उतारा काढून पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण सोसायटीला विचारले तर तुमच्याकडे काही येणे नाही, असेच उत्तर मिळते. पुष्कळ विश्वासणाऱ्यांची अवस्था हीच असते. नवरा जाण्याच्या आदल्या रात्री त्याला वर्मी लागेल असे बोललेली एखादी बाई वर्षानुवर्षे त्याच रात्रीची क्षमा मागत असते. नवरा आता नाही, परत करण्यासारखे काही नाही, दुरुस्त करण्यासारखे काही नाही. अशा माणसाने अंतःकरण पुनःपुन्हा उकरून पाहणे थांबवावे आणि बाहेरून आलेल्या शब्दावर विसंबावे, असेच मी सांगतो. आपले अंतःकरण आपल्याला दोषी ठरवीत असले तरी देव आपल्या अंतःकरणापेक्षा थोर आहे, हे योहान त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहितो ते अशाच लोकांसाठी. जाणीव मागून येते; कधी हळूहळू येते, कधी दुसऱ्या कोणी मोठ्याने एकशे तिसरे स्तोत्र वाचून दाखवताना एकाएकी येते, आणि काहींच्या बाबतीत आयुष्यभर अधूनमधूनच येते.

या उशिराची लाज वाटण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, आणि हे आपल्याला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी उमगले, अशी साक्ष त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. मूळ भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्या विदुषीला जर एवढा काळ लागला, तर तुमच्या-माझ्यासारख्यांनी घाई करू नये.

मात्र तुम्ही या पहिल्या प्रकारात मोडत नाही, असे मला वाटते, आणि तुम्हाला आजवर मिळालेला सल्ला म्हणूनच लागू पडलेला नाही. त्या बाईची रात्र संपलेली आहे. तुमची गोष्ट संपलेली नाही. दर हंगामात ऊस तुटतो, वजन होते, बिल निघते आणि बहिणीच्या वाट्याची रक्कमही तुमच्याच खात्यावर जमा होते. तुम्ही भूतकाळातल्या एका सहीबद्दल क्षमा मागता आहात, पण त्या सहीचा लाभ वर्तमानकाळात घेत आहात, आणि तुमची सद्सद्विवेकबुद्धी नेमकी बिलाच्याच दिवशी बोलते, यावरून ती बिघडलेली नाही, उलट चोख काम करते आहे, हे उघड आहे. बत्तिसाव्या स्तोत्रात दावीद म्हणतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडे झिजली, रात्रंदिवस देवाचा हात माझ्यावर भारी होता. तो भार कृपेचाच भाग होता, असे मी समजतो. तो उतरवण्यासाठी ‘विश्वास ठेवा’ असे सांगणे म्हणजे तुम्हाला तुमच्याच विवेकाविरुद्ध उभे करणे होय, आणि चांगल्या हेतूनेही कोणी ते करू नये.

मग जमीन परत करीपर्यंत देव क्षमा रोखून धरतो का? असा अर्थ काढू नका. जक्कय या श्रीमंत जकातदाराच्या गोष्टीतला क्रम पाहा. उंबराच्या झाडाखाली उभे राहून येशू आधी म्हणतो की मला आज तुझ्या घरी उतरायचे आहे. त्यानंतर जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे बोलतो. चौपट परत केल्यास तुझ्याकडे येईन, असा सौदा तिथे झालेला नाही. परतफेड ही क्षमेची किंमत नसते, पण ज्याच्या घरी प्रभू जेवायला बसला आहे त्याला लुबाडलेले पैसे पेटीत ठेवून जेवण गोड लागत नाही, आणि तुम्हाला प्रभुभोजनाच्या मेजाशी नेमके हेच होत आहे. डोंगरावरच्या प्रवचनात तर येशू स्पष्टच सांगतो की वेदीजवळ दान आणताना तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. बहिणीलाही हे वचन लागू आहे, हे वेगळे सांगायला नको. पण आपल्याकडे ते सांगावे लागते. साडीचोळी केली, दिवाळीला माहेरी आणले, भाचीच्या लग्नात आहेर केला की हिस्सा मिटला, ही समजूत ख्रिस्ती घरांतही पक्की रुजलेली आहे. कायदा तसे मानत नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो आणि त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच धरला जातो. म्हणजे तिने सोडला तो तुमच्या मेहेरबानीचा तुकडा नव्हता, तिचा स्वतःचा हक्क होता.

आता तुमच्या प्रार्थनेबद्दल थोडे कठोर बोलतो. इतकी वर्षे तुम्ही नेमके काय कबूल करत आला आहात? माझ्याकडे येणाऱ्यांना मी उपासनेनंतर मागच्या खोलीत बसवतो, कोरा कागद आणि पेन देतो आणि पाप एका वाक्यात लिहायला सांगतो. पहिले वाक्य बहुतेक वेळा असे उतरते: ‘जमिनीच्या बाबतीत माझ्या हातून थोडी चूक झाली.’ मी विचारतो, कोणाच्या बाबतीत? मग बहिणीचे नाव येते. काय केले? ‘पूर्ण सांगितले नाही.’ काय सांगितले? इथे पेन थांबते. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा असतो. बऱ्याच वेळाने खाली नवे वाक्य येते: ‘मी माझ्या बहिणीला खोटे सांगून तिचा हिस्सा माझ्या नावावर करून घेतला, आणि त्याचे उत्पन्न आजही मी घेतो.’ वाक्य एकच, फरक मात्र जमीन-अस्मानाचा. अनेकदा माणूस त्या क्षणी रडत नाही. उलट आजवर जो रडत होता तो एकदम शांत होतो. ‘प्रभू, मी पापी आहे, माझ्या सर्व पापांची क्षमा कर’ ही प्रार्थना खरी आहे आणि उपासनेत ती असायलाच हवी, पण तिच्या आडोशाला एखादे नाव-गाव असलेले पाप वर्षानुवर्षे सुखाने राहू शकते. मोघम पापाला क्षमाही मोघमच जाणवते. स्वतःच्या नावाने, बहिणीच्या नावाने, क्षेत्रासह आणि उत्पन्नासह ते पाप पदरी घ्या. मग क्षमेचा शब्द नेमका कशावर पडतो आहे, हे तुम्हालाच कळेल.

हे वाक्य एका तरी माणसाच्या देखत मोठ्याने म्हणावे, असा माझा आग्रह असतो. अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेबांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात मिशनचे काम सुरू केले आणि पुढे या भागातल्या बऱ्याच मंडळ्या प्रेस्बिटेरियन वळणाच्या घडल्या. त्या वळणाने आपल्याला शास्त्रवाचन दिले, शाळा दिल्या, गायन दिले. पण रोमन कॅथलिक बांधवांकडे याजकासमोर पाप कबूल करण्याचा जो संस्कार आहे, तशी रीत आपल्याकडे नाही. आपण थेट देवाला सांगतो, आणि ते योग्यच आहे. तरीही एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, असे याकोब लिहितो, त्या वचनावर आपल्याकडे उपदेश फारसा ऐकू येत नाही. एकट्याने केलेल्या प्रार्थनेत कबूल करणाराही मीच आणि ‘जा, तुला क्षमा झाली’ असे ऐकणाराही मीच, त्यामुळे संशयी मनाला ते स्वतःचेच बोलणे वाटते. दुसऱ्याच्या तोंडून तेच शब्द आले की ते बाहेरून आल्यासारखे ऐकू येतात. हा दुसरा माणूस पाळकच असला पाहिजे, असे नाही. पोटात ठेवणारा असला पाहिजे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी तुमच्या भाऊबंदकीत किंवा जमिनीच्या व्यवहारात ज्याचा काडीचाही संबंध नाही असा निवडा. गावात ते सोपे नसते, म्हणून दुसऱ्या मंडळीतला माणूस चालेल.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेला शास्त्रभाग पेत्राचा आहे. पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांना बंद दारांच्या खोलीत भेटला, ‘तुम्हाला शांती असो’ म्हणाला, आणि पेत्रही त्या शिष्यांतलाच होता. म्हणजे शांतीचा शब्द त्याला मिळालेला होता. तरीही योहानाच्या एकविसाव्या अध्यायाच्या सुरुवातीला तो म्हणतो, मी मासे धरायला जातो, आणि रात्रभर जाळे टाकून हाती काही लागत नाही. पहाटे किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव दिसतो. योहानाने कोळशाच्या विस्तवाचा उल्लेख याआधी एकदाच केला आहे: महायाजकाच्या वाड्यात, जिथे शेकत उभ्या असलेल्या पेत्राने प्रभूला नाकारले. येशू त्याला त्याच वासाजवळ बसवतो. आधी भाकरी आणि मासळी खायला घालतो. न्याहारी झाल्यावरच विचारतो, आणि एकदा विचारून थांबत नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला दुःख झाले, असे योहान नोंदवतो. जितक्या वेळा नाकारले तितक्या वेळा विचारले गेले, आणि प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवले गेले: माझी कोकरे चार, माझी मेंढरे पाळ. ‘तुला क्षमा केली’ हे शब्द या अध्यायात नाहीत. क्षमा पेत्राला कळली ती दुखऱ्या जागी बोट ठेवले गेल्यावर, आणि त्याच्यावर पुन्हा विश्वास टाकला गेल्यावर. मोकळे वाटेल तेव्हा बहिणीकडे जाईन, असा हिशेब करणाऱ्या माणसाला मी हाच अध्याय वाचायला देतो, कारण माझ्या पाहण्यात क्रम जवळजवळ नेहमी उलटा असतो. आधी जाणे घडते, मग मोकळेपणा येतो.

काही पळवाटांबद्दल सांगतो, कारण तुमच्या लिहिण्यात त्यांची चाहूल आहे. उपवास वाढवणे, स्वतःला चांगले कपडे न घेणे, मंडळीला मोठे दान देणे, या सगळ्यांतून माणूस स्वतःला दंड करून घेतो आणि दंड भरला की सुटलो, असे मानू पाहतो. उसाच्या बिलातून तुम्ही दशांश देता, असे लिहिले आहे; त्या दशांशातला काही भाग तुमचा नाहीच, तो बहिणीचा आहे, आणि दुसऱ्याच्या पैशातून दिलेल्या दानाची पावती देवाच्या दप्तरी कुठल्या नावावर लागते, याचा विचार करा. खजिनदार विचारणार नाहीत. उज्जीवन सभांतल्या अनुभवावरही फार भिस्त ठेवू नका. दरवर्षी त्याच तंबूत तेच हात वर होताना मी पाहिले आहेत. गाणे चालू असेपर्यंत अंतःकरण विरघळते आणि मंडप उतरला की परत घट्ट होते. त्या सभांतून खरे पालट झालेलेही मी पाहिले, पण ते बहुधा दुसऱ्या दिवशी कोणाकडे तरी चालत गेलेल्या लोकांचे होते.

एक सावधगिरीही सांगायला हवी, तुम्हाला लागू नसली तरी इतर वाचकांसाठी. ज्याला दिवसातून वीस वेळा क्षमा मागावी लागते, प्रार्थनेतला एखादा शब्द चुकला म्हणून ती पहिल्यापासून म्हणावी लागते, जे केलेच नाही तेही केले असावे असे वाटते, अक्षम्य पाप घडल्याची भीती सोडत नाही, त्याचा प्रश्न बहुधा विश्वासाचा नसतो. तो मंत्रचळाचा आजार असू शकतो, त्यावर औषध आणि उपचार आहेत, आणि अशा माणसाला आणखी पाप कबूल करायला लावणे अपायकारक ठरते. त्याने मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. पाळकाने सोबत जावे.

म्हणजे आतापर्यंत इतके झाले: देवाच्या क्षमेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही; तुमची अस्वस्थता खरी आहे आणि ती चालू असलेल्या अन्यायाकडे बोट दाखवते आहे; नेमके कबूल करणे आणि परत करणे ही क्षमा विकत घेण्याची साधने नसून मिळालेल्या क्षमेत चालू लागण्याची पावले आहेत. आता ती कशी टाकावीत, ते माझ्या अनुभवावरून सांगतो.

पहिल्यांदा पत्नीला सांगा, कारण जमिनीचा निर्णय तिच्याही संसाराचा आहे आणि ही गोष्ट तिला बाहेरून कळली तर एका अन्यायात दुसऱ्याची भर पडेल. मग वकिलाला भेटा. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असल्यामुळे तोंडी ‘घे तुझा वाटा’ म्हणून चालत नाही. हिस्सा पुन्हा तिच्या नावावर करण्यासाठी कोणता दस्त करावा, मुद्रांक शुल्क किती, मधल्या वर्षांच्या उत्पन्नाचा हिशेब कसा मांडावा, हे आधी माहीत करून घ्या. रिकाम्या हातांनी जाऊन नुसती क्षमा मागितली, तर तुमचे ओझे तुम्ही तिच्या उंबऱ्यावर ठेवून याल, एवढेच होईल. जमीन गहाण असेल किंवा विकली गेली असेल तर मार्ग वेगळा निघेल, रक्कम हप्त्यांनी द्यावी लागेल. पण देण्याची तारीख आणि आकडा कागदावर असावा.

तिच्याशी बोलताना देवाने मला क्षमा केली आहे, हे वाक्य तोंडातून काढू नका. ते खरे असले तरी त्या घटकेला ते तिच्यावर दडपण ठरते, आणि क्षमा करणाऱ्यालाच क्षमा मिळते, अशी वचने तिला ऐकवणे तर दुप्पट अन्याय होईल. ती रागावेल, रडेल, नवऱ्याला बोलावेल, कदाचित ‘मला तेव्हाच माहीत होते’ असेही म्हणेल. दावीदाला नाथान संदेष्ट्याने क्षमेचा शब्द दिला त्याच वेळी परिणाम टळणार नाहीत, हेही सांगितले. तेव्हा नाते पूर्ववत होईल, असे मी तुम्हाला आश्वासन देऊ शकत नाही. तिची क्षमा तिच्या हातात आहे, देवाची क्षमा तिच्या होकारावर थांबलेली नाही.

तिने भेटायचे नाकारले तर पत्र लिहा. पत्रात गट क्रमांक, तिच्या वाट्याचे क्षेत्र आणि आजवरच्या उत्पन्नातली तिची रक्कम स्पष्ट लिहा, वकिलाचे नाव आणि दस्ताला तुम्ही केव्हाही येऊ शकता हे लिहा, क्षमेची ओळ सर्वांत शेवटी ठेवा, आणि उत्तरासाठी कोणतीही मुदत घालू नका.